जेश्चर (पोझची हालचाल पकडणारं झटपट रेखाटन) जमतं, पण ॲनाटमी (हाडं-स्नायूंची रचना) घातली की माणसाची आकृती लाकडी होते. सराव कसा जोडायचा?

अर्धीरेघ

रोज पाऊण तास सराव चालू आहे. ३० सेकंदांच्या २० पोझ, मग एक मिनिटाच्या १०, आणि उरलेली पंचवीसेक मिनिटं ॲनाटमीचे तक्ते बघून स्नायू काढणं. आठवड्यातून एकदा एकाच पोझवर वीस मिनिटं. ए४ वही टेबलावर, एचबी आणि २बी पेन्सिल, पोझसाठी टायमरवर आपोआप बदलणारे फोटो.

अडचणी तीन आहेत. ३० सेकंदांचं रेखाटन बरं दिसतं, त्यात हालचाल असते. पण वीस मिनिटांच्या चित्रात माणसाचा पुतळा होतो. तोही धड उभा राहत नाही, कलंडतोय असं वाटतं. दुसरं, तक्ता समोर असला की दंडाचे, पोटरीचे स्नायू बरोबर येतात, पोझ बदलली की कोण कुठे गेला ते कळत नाही. मग हात मण्यांच्या माळेसारखा दिसतो, एकावर एक फुगवटे. तिसरं, डोकं मोठं आणि पाय आखूड. हे जवळजवळ प्रत्येक चित्रात.

आधी जेश्चर पक्कं करून मग ॲनाटमी घ्यावी, की दोन्ही एकदम? आणि कशाला किती वेळ?

ओळंबा

दोन्ही एकदम, पण ॲनाटमी एका वेळी एकाच भागाची.

तुमच्या वेळापत्रकात एक मिनिटानंतर थेट वीस मिनिटं आहेत. मधली पायरीच नाही. ३० सेकंदांत आपण बघतो की शरीर काय करतंय. तक्ता सांगतो की आत काय आहे. शरीर हे करत असताना आतलं कुठे सरकलं, हे बघायला दोन ते दहा मिनिटांची रेखाटनं लागतात, आणि नेमकी तीच तुम्ही करत नाही. दोन्ही सराव वेगवेगळ्या खोल्यांत चाललेत आणि मधलं दार बंद आहे.

लाकडीपणाचं कारण बहुतेक वेळा स्नायू नसतात, कल असतात. हाताला उभं-आडवं सोपं जातं. खांद्यांची रेषा मॉडेलमध्ये १५ अंश कललेली असेल तर पहिल्या फटक्यात ती १२ येते, आणि पक्की रेघ मारताना ८. कमरेचंही तसंच. वीस मिनिटांत माणूस हळूहळू सावधान होतो. म्हणून पहिल्या रेषेत कल मुद्दाम थोडा जास्त घ्या. पुढे तो कमी होणारच आहे. आणि दर पाच मिनिटांनी फक्त दोन गोष्टी पुन्हा तपासा, खांद्यांचा कल आणि कमरेचा कल. बाकी काही नाही.

आता कलंडण्याबद्दल. एका पायावर भार देऊन उभी असलेली पोझ घ्या, दोन मिनिटं लावा.

पहिली पाच सेकंदं पेन्सिल टेकवायचीच नाही. भार कुठल्या पायावर आहे एवढं ठरवायचं. मग डोक्याच्या वरच्या टोकापासून त्या पायाच्या टाचेपर्यंत एकच लांब रेघ. ती बहुतेक वेळा सी किंवा एस सारखी वळलेली असते. मग दोन आडव्या खुणा: एक दोन्ही खांद्यांतून, दुसरी कमरेच्या पुढच्या बाजूला हाडाची जी दोन टोकं हाताला लागतात त्यांतून. पँटचा पट्टा धरू नका, तो कुठेही बसलेला असतो. भार असलेल्या बाजूची कंबर वर जाते, कारण दुसऱ्या बाजूला खालून आधार उरत नाही आणि ती बाजू खाली येते. खांदे सहसा याच्या उलट झुकतात, म्हणजे भाराच्या बाजूचा खांदा खाली. त्यामुळे त्या बाजूला कूस चिमटते आणि समोरच्या बाजूला ताणली जाते. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लायटस इसवी सनपूर्व पाचव्या शतकात उभ्या पुतळ्यांसाठी हीच गोष्ट वापरत होता. त्याच्या भालाधारी पुतळ्याच्या रोमन प्रती आजही बघायला मिळतात, आणि सरावाला तो फार चांगला आहे, कारण हलत नाही.

या दोन खुणा झाल्या की बरगड्यांचा पिंजरा अंड्यासारखा आणि कंबर चपट्या पेटीसारखी बसवा. मग गळ्याच्या तळाशी, दोन कॉलरबोनच्या मधोमध जो खळगा असतो तिथून ओळंबा सोडा. एका पायावर भार असेल तर तो त्या पायाच्या घोट्याजवळ उतरला पाहिजे. दोन्ही पायांवर असेल तर दोन पावलांच्या मधे कुठेतरी. तुमच्या कलंडणाऱ्या चित्रांवर पट्टी ठेवून बघा, पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं असेल. लोक कंबर तिरकी काढतात पण पाय मात्र खाली सरळ सोडतात. प्रत्यक्षात भाराचा पाय कमरेपासून आत येतो, शरीराच्या खाली सरकतो, आणि त्या बाजूचा खुबा बाहेर काढल्यासारखा दिसतो. मोकळ्या पायाची कंबर खाली आलेली असल्यामुळे गुडघा वाकवल्याशिवाय त्याला जागाच नसते. तो गुडघा दुसऱ्यापेक्षा खाली आणि पुढे.

भिंतीला टेकून किंवा चालताना हा नियम लागत नाही, तिथे तोल बाहेरून किंवा वेगातून मिळतो. पण नुसत्या उभ्या आकृतीला लागू होतोच.

कोळसाकाडी

मण्यांच्या माळेवर बोलतो.

माळ होते कारण दोन्ही कडांचे फुगवटे समोरासमोर काढले जातात. डावीकडे फुगवटा, त्याच उंचीवर उजवीकडे फुगवटा, मग दोन्हीकडे खाच. शरीरात असं जवळजवळ कुठेच नसतं. समोरून पाय बघा: मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू गुडघ्याच्या बराच वर संपतो, आतला थेंबाच्या आकाराचा स्नायू गुडघ्याच्या वाटीपर्यंत खाली येतो. पोटरीतही बाहेरचा फुगवटा वर, आतला खाली. घोट्याला मात्र उलट, आतलं हाड वर आणि बाहेरचं खाली. बाहेरचं वर, आतलं खाली, घोट्याला उलट, एवढं पाठ झालं तरी अर्धी माळ तुटते. एका कडेचा फुगवटा जिथे असेल तिथून पलीकडच्या कडेवर तिरकी रेघ टाकायची, सरळ आडवी कधीच नाही.

तक्त्यावरून नक्कल केल्याने स्नायूचा आकार पाठ होतो, आणि पोझ बदलली की नेमका आकारच बदलतो. बदलत नाहीत ती त्याची दोन टोकं. स्नायू कुठल्या हाडापासून निघतो आणि कुठल्या हाडाला चिकटतो हे माहीत असलं की मधला आकार पोझ स्वतः सांगते: टोकं जवळ आली तर आखूड आणि फुगीर, लांब गेली तर चपटा आणि ताणलेला. शरीरात सहाशेच्या वर स्नायू आहेत, पण रेखाटनाला वरून दिसणारे तीस-चाळीस पुरतात. त्या प्रत्येकासाठी तीनच गोष्टी लिहा: कुठून, कुठे, काय हलवतो. नाव सगळ्यात शेवटी. नाव नाही आलं तरी चालतं.

कोपर ते मनगट हा भाग सगळ्यांना छळतो, म्हणून तो जरा जवळून बघू. हे वाचताना आपल्याच हातावर करा. कोपराच्या टोकाला बोट ठेवा आणि करंगळीकडच्या मनगटाच्या गाठीपर्यंत सरकवत न्या. पूर्ण वाटेत कातडीखाली हाड लागतं. आता बोट तिथेच ठेवून तळहात वर-खाली फिरवा. ते हाड जवळजवळ जागचं हलत नाही. फिरतं ते अंगठ्याकडचं दुसरं हाड, तळहात खाली झाला की ते पहिल्यावरून आडवं जातं. म्हणजे पहिलं हाड हा कणा समजा आणि त्याभोवती बाकी सगळं पिळलं जातंय असं काढा. या एका रेषेवर हाताची दिशा ठरवली की पिळ आपोआप पटतो.

मग टेबलाच्या खालून कडेला मूठ लावा, अंगठा वर ठेवून, आणि टेबल उचलल्यासारखा जोर द्या. अंगठ्याच्या बाजूला कोपराजवळ एक स्नायू टरारून उठेल. तो कोपराच्या वरून, दंडाच्या बाहेरच्या कडेवरून सुरू होतो आणि मनगटाजवळ अंगठ्याकडे उतरतो. दंडाचा भाग संपला, मग कोपर, मग पुढचा भाग असे तुकडे पडतात ते हा स्नायू विसरल्यामुळे. तो सांध्यावरून आरपार जातो, त्यामुळे कोपराच्या बाहेरच्या कडेला खाच येतच नाही.

मनगटाचंही एक बघा. ते गोल नसतं, चपटं असतं, रुंदी जाडीपेक्षा स्पष्ट जास्त. तळहात पुढे करून उभं राहिलं तर समोरून रुंद बाजू दिसते. हात सैल सोडला की अंगठा पुढे येतो आणि समोरून अरुंद बाजू दिसते. कोपराजवळचा भाग तेवढा फिरत नाही. म्हणून हाताच्या दोन टोकांची रुंदी वेगवेगळ्या दिशांना असू शकते, आणि तसं असेल तेव्हा तसंच काढायचं. सगळीकडे सारखी नळी काढली की हात प्लॅस्टिकचा होतो.

आणखी एक प्रयोग, दंडासाठी. कोपर काटकोनात वाकवा, तळहात खाली. दुसऱ्या हाताने दंडाचा पुढचा स्नायू धरा. आता कोपर न हलवता तळहात वर करा. स्नायू कडक होतो. तो फक्त हात वाकवत नाही, तळहात वर फिरवण्याचं कामही करतो. म्हणून वाकवलेल्या हाताचा दंड सगळ्या पोझमध्ये सारखाच फुगलेला काढणं चूक.

नकोखोडरबर

माझं मत जरा वेगळं. ३० सेकंदांच्या २० पोझ सुरुवातीला निव्वळ वाया. एवढ्या वेळात बघायला फुरसतच मिळत नाही. हात सवयीने धावतो आणि प्रत्येक माणूस त्याच तीन वळणांतून निघतो. शंभर रेखाटनं झाल्याचं समाधान मिळतं, पण ती एकाच रेखाटनाच्या शंभर प्रती असतात. दोन मिनिटांपासून सुरू करा, पाच मिनिटांपर्यंत जा, ३० सेकंद नंतर.

ओळंबा

दोष खरा आहे, पण तो वेळेचा नाही, हेतू नसल्याचा आहे. ३० सेकंदांच्या दहा पोझ घ्या आणि प्रत्येक फेरीला एकच प्रश्न धरा. आज फक्त भार कुठे. उद्या फक्त खांदे आणि कंबर यांचे कल. परवा फक्त पिंजरा आणि कमरेची पेटी, हात-पाय काढायचेच नाहीत. हातपाय वगळलेले ते दोन ठोकळे सगळ्यात जास्त शिकवतात.

रेषांची मर्यादाही घालता येते: एका पोझला बारा रेषा. बारा झाल्या की पेन्सिल खाली, वेळ उरला तरी. केसाळ रेषा, म्हणजे एका कडेवर आठदहा छोट्या रेघोट्या, याने लगेच बंद होतात. केसाळ रेषा मनगटातून काढल्या जातात आणि कड शोधत असतात. जेश्चरमध्ये कड शोधायची नसते, दिशा पकडायची असते, आणि ती खांद्यातून हात हलवल्याशिवाय येत नाही. ए४ वहीत, टेबलावर मनगट टेकवून, खांदा हलणार कसा? ए३ घ्या, साधा न्यूजप्रिंट चालेल, एका पानावर चार आकृत्या. प्रत्येक साधारण वीत-सव्वा वीत उंच.

तिरपीनजर

तिसऱ्या अडचणीबद्दल कुणी बोललं नाही अजून. मोठं डोकं आणि आखूड पाय याची तीन-चार कारणं असतात, आणि तुमच्या प्रश्नात त्यांतली दोन तर लिहिलेलीच आहेत.

वही टेबलावर सपाट आहे. कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब असल्याने तो दबलेला दिसतो, आणि हात नकळत ते भरून काढतो. चित्र उचलून समोर धरलं की वरचा भाग, म्हणजे डोकं आणि छाती, लांबलेला निघतो. बोर्ड घ्या आणि मांडीवर ठेवून समोरच्या खुर्चीच्या पाठीला टेकवा, नजर कागदावर काटकोनात पडेल इतका उभा. हा बदल एका दिवसात दिसतो.

दुसरं, फोटो. फोनने जवळून घेतलेल्या फोटोत जवळचा भाग मोठा आणि लांबचा छोटा येतो. छातीच्या उंचीवरून, दोन हात अंतरावरून फोटो काढला तर पाय खरोखरच आखूड दिसतात, आणि तुम्ही ते इमानदारीने काढताय. स्वतः संदर्भ काढणार असाल तर निदान तीन-चार मीटर मागे जा आणि झूम करा, कॅमेरा कमरेच्या उंचीवर.

तिसरं, चेहऱ्यापासून सुरुवात. चेहऱ्यात तपशील जास्त, म्हणून त्याला जागा जास्त दिली जाते, आणि पायांपर्यंत येता येता कागद संपतो. आधी वरची आणि खालची मर्यादा दोन बारीक रेघांनी ठरवा, मग मधोमध एक खूण करा. सरळ उभ्या प्रौढ माणसात ती खूण जांघेपाशी, पाय जिथे सुरू होतात तिथे येते. ती बेंबीवर येत असेल तर पाय आखूड झालेत, मांड्यांच्या मध्यावर येत असेल तर फार लांब.

डोक्याच्या मापाने प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच. आठ डोक्यांचा हिशेब आदर्श आकृतीसाठी सोयीचा, कारण भाग बरोबर पडतात: हनुवटी एक, स्तनाग्रं दोन, बेंबी तीन, जांघ चार, गुडघ्याच्या खाली सहा. लहान मुलांना हे लागू नाही, त्यांचं डोकं शरीराच्या मानाने बरंच मोठं असतं. याशिवाय उपयोगी खुणा: हात सोडलेला असताना कोपर कमरेच्या घडीजवळ, मनगट खुब्याच्या पातळीला, बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर. पाऊल जवळपास कोपर ते मनगट एवढं लांब. पाऊल इतकं मोठं असतं यावर नवखे विश्वासच ठेवत नाहीत. सगळ्यांच्या चित्रात माणसं बाहुलीच्या पावलांवर उभी.

मात्र ही मापं सरळ उभ्या माणसाची. आकृती वाकली, बसली, हात तुमच्याकडे रोखला, की फोरशॉर्टनिंगमध्ये, म्हणजे आपल्याकडे येणारा भाग आखूड दिसतो तिथे, लांबीचं माप फसवं ठरतं. तिथे लांबी विसरा आणि काय कशाच्या पुढे आहे ते दाखवा. तुमच्याकडे येणाऱ्या हातात पंजाची रेघ कोपर ते मनगट या भागाला झाकते, त्या भागाची रेघ दंडाला. एक रेघ दुसरीमागे लपते तिथले हे टी-आकाराचे सांधे नीट आले की हात पुढे येतो. सावली देण्याची गरजसुद्धा पडत नाही. आणि हात व धड यांच्या मधली मोकळी जागा काढा, त्या जागेचा आकार तुम्हाला पूर्वी माहीत नसतो म्हणून डोळा खोटं बोलत नाही.

अर्धीरेघ

ओळंब्याची पट्टी ठेवून जुनी पानं तपासली. नऊपैकी सात चित्रांत पाऊल बाहेर. बोर्डही उभा केला.

एक वेगळा प्रश्न. हात डोक्याच्या वर नेलेल्या पोझ. खांदा कुठेतरी तुटल्यासारखा दिसतो. हात कानाच्या बाजूला चिकटवलाय असं वाटतं.

कोळसाकाडी

कारण तुम्ही हात बिजागरीवर फिरवताय आणि खांदा जागच्या जागी ठेवताय. खांदा धडाला पक्का बसवलेला नसतो. संपूर्ण हाताचा धडाशी हाडाने हाडाला असा जोड फक्त एका ठिकाणी आहे, गळ्याच्या खळग्याशेजारी, कॉलरबोनच्या आतल्या टोकाला. बाकी सगळं स्नायूंनी लटकवलेलं. म्हणून हात वर जाताना कॉलरबोनचं बाहेरचं टोक वर जातं आणि पाठीवरचा फरा (खांद्यामागचं चपटं त्रिकोणी हाड) फिरतो.

हात बाजूने पूर्ण वर, म्हणजे साधारण १८० अंश नेला, तर त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० फऱ्याच्या फिरण्यातून. सुरुवातीच्या तीसेक अंशांत फरा फारसा हलत नाही, नंतर दोघं बरोबर चालतात. पाठीमागून काढताना फऱ्याचं खालचं टोक बाहेर, काखेच्या दिशेने सरकलेलं दाखवा. पुढून काढताना त्या बाजूची कॉलरबोन तिरकी वर. एवढं केलं की हात कानाला चिकटवलेला वाटत नाही, छातीपासूनच वर गेलेला वाटतो.

मग काखेच्या दोन भिंती. पुढची भिंत छातीच्या स्नायूची, मागची पाठीच्या रुंद स्नायूची. दोन्ही दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतात. खांद्यावरचा त्रिकोणी स्नायू दंडाच्या बाहेरच्या बाजूला जवळपास अर्ध्या उंचीवर संपतो, आणि छातीचा स्नायू त्याच्या खाली शिरतो. हात वर गेला की छातीचा स्नायू ताणून लांब आणि चपटा होतो, खांद्याचा आखडून गोळा होतो. तक्त्यात दोघंही हात खाली सोडलेल्या स्थितीत असतात. तेच चित्र वर चिकटवलं की खांदा तुटतो.

यासाठी उत्तम सराव म्हणजे फोटोवर ट्रेसिंग पेपर. पहिल्या कागदावर फक्त हाडं: कवटी, पिंजरा, कणा, कमरेची पेटी, फरा, कॉलरबोन, लांब हाडं. दुसऱ्या कागदावर त्या हाडांवरून स्नायू, टोकापासून टोकापर्यंत पट्ट्यांसारखे. मग तक्ता उघडून लाल पेन्सिलीने चुका. तक्ता आधी उघडायचा नाही, नाहीतर पुन्हा नक्कल होते. कातडी काढलेल्या शरीराच्या मूर्ती बघायला मिळाल्या तर सोडू नका. फ्रेंच शिल्पकार उदों याने १७६७ साली केलेल्या अशा मूर्तीच्या प्लॅस्टर प्रती कलाशाळांत अजून वापरतात, आणि तिच्या सगळ्या बाजूंचे फोटो सहज मिळतात.

अर्धीरेघ

मग पाऊण तासाचं गणित कसं मांडायचं?

ओळंबा

३० सेकंदांच्या १० (पाच मिनिटं, एक प्रश्न धरून). दोन मिनिटांच्या ५ (दहा मिनिटं, ओळंबा आणि दोन कल). मग एक दहा मिनिटांची, ज्यात जेश्चरवर या आठवड्याचा एकच भाग पूर्ण रचनेसह, बाकी शरीर दोन मिनिटांच्या अवस्थेतच सोडून द्यायचं. पंधरा मिनिटं ट्रेसिंग आणि तक्ता. शेवटची पाच मिनिटं सगळं बंद करून, मघाची दहा मिनिटांची पोझ आठवणीतून. ही पाच मिनिटं लोक गाळतात, कारण चित्र वाईट येतं. पण उद्या कशाकडे बघायचं ते त्या वाईट चित्रातूनच कळतं: जो भाग आठवणीत धूसर, तो समजलेला नाही.

भागांचा क्रम: दोन आठवडे पिंजरा आणि कंबर, तीन आठवडे पाय, तीन आठवडे खांदा आणि पाठ, दोन आठवडे कोपर ते मनगट. पंजे आणि पावलं त्यानंतर. वीस मिनिटांची चित्रं पहिला महिना बंदच ठेवा.

धडाबद्दल एक भर. पिंजरा आणि कमरेची हाडांची पेटी दोन्ही घट्ट, मधला भाग तेवढा लवचीक. कण्यात हलणारे मणके २४: मानेचे ७, पिंजऱ्याचे १२, कमरेचे ५. पुढे-मागे वाकणं कमरेच्या मणक्यांत भरपूर होतं, पण पिळ तिथे फार कमी बसतो. तो मुख्यतः पिंजऱ्याच्या भागातून आणि मानेतून येतो. म्हणून वळलेल्या माणसाचं पोट ओल्या फडक्यासारखं पिळलेलं काढू नका. गळ्याचा खळगा, छातीच्या हाडाचं टोक, बेंबी, जांघेचं हाड या चार ठिपक्यांतून जाणारी मधली रेघ काढली की पिळ किती आणि कुठे ते दिसतं. बाजूने बघताना पिंजरा वरच्या बाजूने थोडा मागे कललेला आणि कंबर पुढे झुकलेली, दोघांचे कल विरुद्ध. एकावर एक सरळ ठेवले की तोच पुतळा परत.

नकोखोडरबर

शेवटची पाच मिनिटं आठवणीतून, हे मान्य. ३० सेकंदांवर अजून नाही.

अर्धीरेघ

शेवटचं विचारतो. फोटोंतली मॉडेल सगळी सडपातळ किंवा पिळदार. जाड शरीर काढायला घेतलं की हाडाच्या खुणा सापडतच नाहीत.

तिरपीनजर

सापडतात, पण उलट्या. सडपातळ शरीरात जिथे हाड उंचवटा करतं, जाड शरीरात तिथेच खळी पडते, कारण आजूबाजूला चरबी साठते आणि हाडाला चिकटलेली कातडी तिथेच राहते. कोपर, फऱ्याची कड, कमरेच्या मागच्या दोन खळ्या, गुडघ्याची वाटी. उंचवटे शोधणं सोडा आणि खळ्या शोधा, मग पिंजरा आणि कमरेची पेटी नेहमीसारखीच बसते. नडगीची आतली सपाट बाजू आणि घोटे पुष्कळदा तसेच राहतात, तिथून सुरुवात केली तर पाय चटकन सापडतो.

चरबीच्या वळ्या सांध्याच्या दिशेने वळतात. कूस चिमटलेल्या बाजूला दोन-तीन वळ्या, ताणलेल्या बाजूला एकही नाही. दोन्ही बाजूंना सारख्या वळ्या काढल्या की कंबरेचा कल गेलाच म्हणून समजा.